बाबा यागाची गोष्ट मुलांना कशी सांगायची, आणि तिला नुसती दुष्ट चेटकीण का करून टाकायची नाही

बाबा यागा म्हणजे रशियन लोककथांमधली रानातली म्हातारी, आणि तिची गोष्ट सांगताना पहिली अडचण नावापासूनच सुरू होते. तुम्ही रंगात येऊन म्हणता "जंगलात एक बाबा यागा राहायची", आणि समोरच्या पोरांपैकी एक जण लगेच हात वर करतो, राहायची का राहायचे? बरोबरच आहे त्याचं. आपल्याकडे बाबा म्हणजे वडील, नाहीतर दाढीवाले बाबा, आणि रशियन भाषेत बाबा म्हणजे बाई, त्यातही जरा वय झालेली, गावाकडची बाई, आणि त्याच शब्दापासून बाबुश्का म्हणजे आजी. हे गोष्टीच्या मधे समजावत बसलात की सगळा मूड जातो. म्हणून सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून टाका की रशियात बाबा म्हणजे म्हातारी, आणि मग पुढे बिनधास्त "यागा आजी" म्हणा. हे मी माझ्या सोयीसाठी केलेलं नाहीये, गोष्टीतली मुलगी पण तिला आजीच म्हणते. दातओठ खात समोर आलेल्या त्या म्हातारीला ती खाली वाकून म्हणते, "मी आहे आजी." सगळी गोष्ट त्या एका हाकेवर उभी आहे असं मला इतक्या वर्षांनी ठाम वाटतं.

मी दर शनिवारी आमच्या सोसायटीच्या छोट्या लायब्ररीत मुलांना गोष्टी सांगते, आणि जगभरातल्या म्हाताऱ्या, चेटकिणी, रानातल्या आज्या हा माझा सगळ्यात आवडीचा विषय आहे. त्यात यागाची गोष्ट सांगायला सगळ्यात अवघड, आणि नीट सांगितली तर सगळ्यात जास्त दिवस मुलांच्या डोक्यात राहणारी. ज्यांना घरी, शाळेत, कुठेही सांगायची आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी गोष्ट कुठली निवडायची ते बघू, कारण यागा एका गोष्टीत नाही, ढीगभर गोष्टींमध्ये आहे. अफनास्येव नावाच्या माणसाने १८५५ ते १८६३ मध्ये रशियन लोककथांचा मोठा संग्रह आठ भागांत छापला, त्यात जवळजवळ ६०० गोष्टी आहेत आणि यागा त्यात पुन्हा पुन्हा येते, आणि प्रत्येक वेळी वेगळी वागते. कुठे ती पोरांना भट्टीत घालायला निघालेली असते. कुठे राजपुत्राला जेवूखाऊ घालून, आंघोळीला पाणी देऊन, हरवलेल्या बायकोचा पत्ता सांगते. कुठे त्याला आपल्या घोड्या राखायला लावते आणि तीन दिवसांत एक जरी हरवली तर डोकं खांबावर लावीन म्हणते, बारा खांब आहेत, अकरांवर डोकी लागलेली आहेत आणि एक रिकामा आहे. तीच बाई, तेच घर, पण कधी मारणारी आणि कधी तारणारी. काही गोष्टींत तर त्या तिघी बहिणी असतात आणि एक दुसरीकडे पाठवते.

लहान मुलं असतील, म्हणजे पाच ते सात, तर ती मांजर, कुत्रे, फाटक आणि झाडवाली गोष्ट घ्या. सावत्र आई मुलीला आपल्या बहिणीकडे सुईदोरा आणायला पाठवते आणि ती बहीण म्हणजे यागा. मुलगी हुशार, ती आधी आपल्या सख्ख्या मावशीकडे जाते, मावशी सांगते की बर्चचं झाड डोळ्यांवर फटकारे मारेल त्याला रिबीन बांध, फाटक करकरेल त्याच्या बिजागरीत तेल घाल, कुत्र्यांना पाव टाक, मांजराला मांस दे. मुलगी तसंच करते, आणि पळून जायची वेळ येते तेव्हा हे सगळे तिला जाऊ देतात. यागा चिडून विचारते का सोडलंत, तर मांजर म्हणतं, इतकी वर्षं तुझ्याकडे राबतोय, तू साधं हाड नाही टाकलंस, तिने मांस दिलं. फाटक म्हणतं तू कधी पाणी पण नाही ओतलंस, तिने तेल घातलं. लहान मुलांना हा भाग पाठ होतो, दुसऱ्यांदा सांगताना ती तुमच्या आधी बोलतात, बोलू द्या. आणि शेवटी मांजराने दिलेला टॉवेल मागे टाकला की नदी होते आणि कंगवा टाकला की घनदाट जंगल. एक खरा कंगवा जवळ ठेवा, तेवढं सामान पुरतं.

आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी मात्र सुंदर वासिलिसाची गोष्ट. पुढचं सगळं मी तिच्याबद्दलच सांगणार आहे.

गोष्टीचा सांगाडा असा. एका व्यापाऱ्याला एकच मुलगी, वासिलिसा. ती आठ वर्षांची असताना आई जाते, जाताना एक बाहुली देते आणि सांगते, ही कोणाला दाखवू नकोस, संकट आलं की हिला खायला घाल आणि मग विचार काय करू. बाप दुसरं लग्न करतो, सावत्र आई आणि तिच्या दोन मुली, कामाचा मारा, पण काम बाहुली करून टाकते. मग बाप धंद्यासाठी लांब जातो आणि सावत्र आई घर बदलून जंगलाच्या कडेला राहायला येते. शरद ऋतूची रात्र, तिघी मुलींना काम दिलंय, एक लेस विणतेय, एक मोजे विणतेय, वासिलिसा सूत कातेय, एकच मेणबत्ती आणि ती मुद्दाम विझवली जाते. आता विस्तव आणायला यागाकडे जा. लेसवाली म्हणते मला माझ्या टाचण्यांचा उजेड पुरतो, मोजेवाली म्हणते मला सुयांचा, तूच जा. वासिलिसा जाते, यागाकडे राहते, कामं करते, तीन प्रश्न विचारते, आणि पेटत्या डोळ्यांची कवटी घेऊन परत येते.

हे पाठ करू नका. प्रसंगांचा क्रम डोक्यात ठेवा आणि भाषा तुमची वापरा. पाठ केलेली गोष्ट मुलांना लगेच कळते, डोळे वर छताकडे जातात ना आपले आठवताना, तिथेच पकड सुटते.

विस्तव आणायला दुसऱ्याच्या घरी जायचं हे आजच्या मुलांना अजिबात कळत नाही. लायटर नव्हता का, असं विचारतातच. इथे मी थांबते आणि सांगते की आपल्या गावांतसुद्धा चूल विझली की शेजारणीकडून गोवरीवर निखारा घेऊन यायचे, पणजीला विचारा कोणाची असेल तर. एकदा हे कळलं की पुढचं आपोआप कळतं, की विस्तव मागायला जाणं म्हणजे कोणाच्या तरी दाराशी जाऊन गोड बोलायला लागणं. वासिलिसा लढायला चाललेली नाही, खजिना लुटायला चाललेली नाही, ती शेजाऱ्याकडे विस्तव मागायला चालली आहे, फक्त शेजारीण भयंकर आहे.

रानातली वाट हळू सांगा. एकदम हळू. पांढरे कपडे घातलेला, पांढऱ्या घोड्यावरचा स्वार जातो आणि झुंजुमुंजू होतं. मग लाल स्वार, लाल घोडा, आणि सूर्य वर येतो. ती दिवसभर चालते, संध्याकाळी घरापाशी पोचते, तेवढ्यात काळ्या घोड्यावरचा काळा स्वार येतो, फाटकापर्यंत जातो आणि जमिनीत गडप झाल्यासारखा नाहीसा होतो, रात्र पडते. मी इथे काहीच समजावत नाही. हे कोण होते ते नंतर कळणार आहे, मुलांना ते धरून ठेवू द्या. टेबलावर बोटांनी टापांचा आवाज काढते फक्त, तिन्ही वेळा त्याच लयीत.

आता कुंपण. माणसांच्या हाडांचं कुंपण, वर कवट्या, फाटकाच्या खांबांच्या जागी पाय, कडीच्या जागी हात, कुलपाच्या जागी तीक्ष्ण दातांचं तोंड. हे वाचायला भयानक वाटतं पण सांगताना घाबरवण्याच्या आवाजात सांगायचं नाही. घराचं वर्णन करतो तसं सरळ, शांत आवाजात सांगा, की खांब होते पायांचे, कडी होती हातांची. मुलांना शांत आवाजातलं जास्त दिसतं. आणि अंधार पडला की सगळ्या कवट्यांचे डोळे पेटतात आणि मोकळी जागा दिवसासारखी उजळते, हे वाक्य विसरू नका, कारण जी गोष्ट ती मागायला आलीये तो उजेड तिथे कुंपणावर लटकतोय, घरभर आहे, फक्त मागता आला पाहिजे.

आणि मग यागाची एंट्री. मराठीत सांगणाऱ्याचं नशीब इथे उघडतं. ती उखळात बसून येते, मुसळाने हाकते आणि केरसुणीने मागचा माग पुसत जाते. उखळ, मुसळ, केरसुणी, तिन्ही आपल्या घरातलीच नावं. रशियन उखळ उंच लाकडाचं असतं, माणूस उभा राहून कांडेल एवढं, तेवढं हाताने दाखवा म्हणजे मुलांना मसाल्याचा छोटा खलबत्ता वाटणार नाही. मी एकदा आईकडचं खरं मुसळ घेऊन गेले होते, सगळ्यांनी एकेकदा उचलून बघितलं, आणि त्यानंतर यागा किती ताकदीची असेल हे मला सांगावंच लागलं नाही. घरकामाची वस्तू घेऊन उडणारी बाई, हे बघा, तिच्याकडे तलवार नाहीये, छडी नाहीये, जे बायकांच्या हातात जन्मभर असतं तेच तिचं वाहन आणि तेच तिचं शस्त्र. हे मुलांना सांगायची गरज नाही पण सांगणाऱ्याने मनात ठेवावं, आवाजात उतरतं.

कोंबडीच्या पायांवरची, फिरणारी झोपडी तुम्ही ऐकली असेल, आणि मुलांनी पण कुठेतरी कार्टूनमध्ये बघितलेली असते. तिला फिरवायचा मंत्र बाकीच्या गोष्टींमधला आहे, राजपुत्र येतो तेव्हाचा, पण मुलांना इतका आवडतो की मी तो इथे पण घेते. मराठीत मी असा म्हणते:

झोपडी झोपडी, गिरकी घे,
पाठ रानाला, तोंड मला दे.

मुलांकडून तीनदा म्हणून घ्या, प्रत्येक वेळी आवाज वाढवत. "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" म्हणत मोठी झालेली पोरं आहेत, लय लगेच पकडतात. तुम्हाला जमेल तशी दुसरी ओळ बांधा, फक्त अर्थ तोच ठेवा, झोपडीचं तोंड आधी रानाकडे असतं आणि ते आपल्याकडे वळवून घ्यावं लागतं. व्लादिमिर प्रॉप या अभ्यासकाने १९४६ मध्ये मांडलं होतं की ही झोपडी म्हणजे जिवंतांच्या आणि मेलेल्यांच्या जगाची सीमा आहे आणि यागा तिथली राखणदार. म्हणून तिचा एक पाय हाडाचा, म्हणून ती कधी कधी झोपडीत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पसरलेली आणि नाक छताला टेकलेली अशी असते, जणू पेटीत ठेवल्यासारखी, आणि म्हणूनच तिला आलेल्या माणसाचा वास येतो, जिवंत माणसाचा वास. ती "फू फू, रशियन माणसाचा वास येतोय" म्हणते तेव्हा आपल्या गोष्टींमधले राक्षस आठवतात, ते पण आल्या आल्या माणसाचा वास घेतात. मी "माणसाचा वास येतोय" एवढंच म्हणते आणि नाक खरंच फेंदारून मुलांच्या ओळीवरून फिरते. हसतात, आणि हसता हसता थोडी मागे सरकतात. तेवढी भीती बास.

हे वाचून एक चूक मात्र करू नका, यागाला हडळ करू नका. मुलं विचारतीलच, तिचे पाय उलटे असतात का, ती पिंपळावर राहते का. हडळ म्हणजे मेलेल्या बाईचं भूत, तिचं दुःख वेगळं, तिची गोष्ट वेगळी. यागा कोणाचं भूत नाही, ती कधी मेलेली नाही आणि ती कोणाला झपाटत नाही, ती आपल्या घरी राहते आणि आपणच तिच्याकडे जातो. हा फरक मोठा आहे. उलटे पाय नाहीत, एक पाय हाडाचा, एवढं सांगा आणि पुढे जा.

मग कामं. यागा दहा माणसांचं जेवण एकटी जेवते आणि वासिलिसासाठी थोडं कोबीचं सूप, पावाचा तुकडा आणि डुकराच्या मांसाचा एक तुकडा ठेवते. आणि सांगते, उद्या मी गेले की अंगण झाड, घर झाड, स्वयंपाक कर, कपडे धू, आणि कोठारातला गहू घेऊन त्यातले काळे दाणे निवड, नाही केलंस तर खाईन. दुसऱ्या दिवशी तेच सगळं, वर खसखस, कोणीतरी दुष्टपणाने तिच्यात माती कालवलीये, दाणा दाणा वेगळा कर.

खसखस हातात द्या. खरंच. चमचाभर खसखस आणि चमचाभर बारीक माती कालवून छोट्या वाटीत न्या आणि मुलांना म्हणा, निवडा, एक मिनिट. कोणी बारा दाणे काढतं, कोणी वीस. मग म्हणा, आता पोतं. त्या क्षणी जो "ओ" असा आवाज येतो तो मी कुठल्याही अभिनयाने काढू शकले नसते. घरच्या बायकांनी गहू निवडताना, तांदूळ निवडताना जे केलं तेच यागा मागतेय, फक्त अशक्य प्रमाणात. आणि बाहुली काय म्हणते, आधी जेव, देवाचं नाव घे, झोप, सकाळची अक्कल रात्रीपेक्षा बरी असते. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा म्हणते, दोन्ही रात्री, तसंच्या तसं. परीक्षेच्या दिवसांत एका मुलीच्या आईने मला सांगितलं की पोरगी रात्री पुस्तक मिटताना हेच म्हणून झोपते.

बाहुलीबद्दल एक काळजी घ्या. ती जादूची कळ नाही. वासिलिसा स्वतः उपाशी राहून आपल्यातला घास तिच्यासाठी राखून ठेवते, आधी तिला भरवते, मग बोलते. दर वेळी भरवण्याची कृती करा, बोटांनी घास, बाहुलीच्या तोंडाशी. घाईत हे गाळलं तर बाहुली म्हणजे मोबाईलमधलं ॲप होऊन बसते, बटण दाबलं की काम.

आता गोष्टीचा सगळ्यात चांगला भाग, आणि लोक नेमका हाच कापतात कारण यात मारामारी नाही. संध्याकाळी जेवताना यागा विचारते, तू बोलत का नाहीस? वासिलिसा म्हणते, परवानगी असेल तर विचारू का. यागा म्हणते विचार, पण प्रत्येक प्रश्न भल्याचा नसतो, फार कळलं की माणूस लवकर म्हातारं होतं. मग ती पांढऱ्या स्वाराबद्दल विचारते, यागा म्हणते तो माझा उजळ दिवस. लाल स्वार? माझा लाल सूर्य. काळा? माझी काळी रात्र. सगळे माझे इमानी नोकर. इथे थांबा. दोन श्वास. मुलांच्या चेहऱ्यावर दिसतं की ही म्हातारी नुसती जंगलातली बाई नाहीये, दिवस आणि रात्र हिच्या अंगणातून ये-जा करतात.

आणि मग वासिलिसा थांबते. घरात तिने अजून एक गोष्ट बघितलेली आहे, हवेतून तीन जोड्या हात येतात आणि गहू दळायला, खसखशीचं तेल काढायला घेऊन जातात, त्याबद्दल ती काही विचारत नाही. यागा म्हणते, बरं झालं बाहेरचंच विचारलंस, आतलं नाही, माझ्या घरातली घाण बाहेर नेलेली मला चालत नाही, जास्त चौकस असतात त्यांना मी खाते. मुलं भांडतात इथे, ते हात कोणाचे होते ते सांगा ना. सांगू नका, कारण गोष्ट सांगत नाही. मला सुरुवातीला वाटायचं हा धडा वाईट आहे, मुलांना प्रश्न विचारू नका कशाला शिकवायचं, आणि मी दोनदा हा भाग बदलून पण बघितला, पण तेव्हा गोष्ट लुळी पडली. मग कळलं की इथे प्रश्न विचारू नका असं नाहीये, ती तीन प्रश्न विचारतेच, आधी परवानगी मागून विचारते, आणि चौथ्याला ओळखते की हे दुसऱ्याच्या घरातलं आहे. नवख्या घरी, ताकदवान माणसासमोर, काय विचारायचं आणि कुठे गप्प बसायचं हे बाराबारा वर्षांच्या मुलींना आपण एरवी कुठे सांगतो?

शेवटी यागा विचारते, माझी कामं तू उरकतेस कशी? ती म्हणते, आईच्या आशीर्वादाने. यागा म्हणते, असं आहे होय, मग निघ इथून, आशीर्वाद असलेली माणसं मला नकोत, आणि तिला ढकलून बाहेर काढते, पण ढकलताना कुंपणावरची पेटती कवटी काठीला लावून हातात देते. हा घे विस्तव, याच्यासाठीच पाठवलं होतं ना तुला. बघा, तिने शब्द पाळला. काम करशील तर देईन म्हणाली होती, दिला. घरी ज्या आई म्हणवत होत्या त्यांनी मरायला पाठवलं आणि खाणारी म्हणून बदनाम असलेली म्हातारी बोलल्याप्रमाणे वागली. म्हणून मी म्हणते तिला नुसती दुष्ट करू नका. तिला फक्त दुष्ट केलंत तर ती कवटी का देते हे तुम्हाला मुलांना समजावताच येणार नाही, मग लोक ती चोरून पळाली वगैरे बदल करतात आणि गोष्टीचा कणाच मोडतो.

शेवट कसा करायचा यावर मी खूप विचार केलाय. मूळ गोष्टीत कवटीचे डोळे सावत्र आईवर आणि बहिणींवर रोखले जातात, त्या जिथे लपतील तिथे मागे जातात, आणि सकाळपर्यंत त्यांचा कोळसा होतो, वासिलिसाला काही होत नाही. मी आठ वर्षांवरच्या मुलांना हे सांगते, एका वाक्यात, चव न घेता. किंकाळ्या, जळणं, काही रंगवत नाही. त्याच्या आधी एक तपशील आहे तो जरूर सांगा, की ती गेल्यापासून त्या घरात विस्तव टिकतच नव्हता, शेजारून आणलेला पण उंबरठ्याच्या आत आला की विझायचा. ज्यांनी दिवा विझवला त्यांच्या घरी दिवा लागेना, हे मुलांना बरोबर वाटतं, त्यांचा न्याय आपल्यापेक्षा कडक असतो. मुलं लहान असतील तर ती दोघी-तिघी घर सोडून पळाल्या म्हणा, चालेल.

पण सावत्र आईबद्दल सांगायलाच हवं. माझ्या सुरुवातीच्या एका वर्गात मी काही न विचारता ही गोष्ट सांगितली आणि एक मुलगा शेवटपर्यंत मान खाली घालून बसला, त्याच्या घरी नवी आई नुकतीच आली होती आणि ती चांगली होती. मी नंतर त्याच्याशी बोलले, पण गोष्ट आधीच सांगून झाली होती. तेव्हापासून मी आधी शिक्षिकेला किंवा पालकांना विचारून घेते, आणि शंका असेल तर "ज्या बाईकडे ती राहायची" असं म्हणते. गोष्टीचं काही बिघडत नाही.

गोष्ट इथे संपवू नका मात्र. पुढे वासिलिसा कवटी जमिनीत पुरते, घराला कुलूप लावते आणि गावात एका म्हातारीकडे राहायला जाते, जिला स्वतःचं कोणी नाही. ती म्हातारी तिला ठेवून घेते, तिच्यासाठी उत्तम जवस आणून देते, त्याचं वासिलिसा इतकं तलम कापड विणते की म्हातारी ते थेट राजाकडे घेऊन जाते. राजाशी लग्न वगैरे होतं, ते मी दोन वाक्यांत उरकते. पण ही दुसरी म्हातारी मला फार महत्त्वाची वाटते, कारण बहुतेक वेळा तिला गाळूनच टाकतात. एकाच गोष्टीत एक म्हातारी हाडांच्या कुंपणाआड आणि दुसरी साध्या खोलीत, आणि मुलीला दोघींनी दिलं, एकीने विस्तव, दुसरीने छप्पर.

काही प्रॅक्टिकल गोष्टी. वेळ पंचवीस मिनिटं धरा, खसखशीसकट पस्तीस. दिवे पूर्ण घालवू नका, एक कोपऱ्यातला चालू ठेवा, दार उघडं ठेवा, ज्याला उठून जायचंय त्याला जाता आलं पाहिजे. झोपायच्या आधी पहिल्यांदा कधीच सांगू नका, दुपारी सांगा, नंतर मुलं स्वतःच रात्री मागतात. चित्र दाखवायचं असेल तर इव्हान बिलिबिनची १९०० च्या आसपासची चित्रं आहेत, उखळातली यागा आणि कवटी घेतलेली वासिलिसा, अप्रतिम आहेत, पण ती गोष्टीनंतर दाखवा. आधी दाखवली की सगळ्यांच्या डोक्यात एकच यागा राहते. आधी मुलांना स्वतःची काढू द्या, मी कागद देते, आणि दर वेळी तीन-चार यागा तरी कोणाच्या ना कोणाच्या आजीसारख्या निघतात, चष्मा, नऊवारी, अंबाडा. अजिबात दुरुस्त करू नका.

नंतर एकच प्रश्न विचारायचा, यागा चांगली का वाईट, असा नाही, त्याचं उत्तर शाळेसारखं येतं. तुम्ही असतात तर यागाला कुठला चौथा प्रश्न विचारला असता, असा विचारा. मग वर्ग संपत नाही.

मोठी मुलं असतील, बारा-तेराच्या पुढची, तर अजून एक बोलणं करते आणि ते टाळू नये असं माझं मत आहे. गोष्टीतली चेटकीण वेगळी आणि गावात कोणा बाईला चेटकीण, डाकीण ठरवणं वेगळं. आपल्याच राज्यात नंदुरबारकडे, सातपुड्याच्या भागात, एखाद्या घरात कोणी आजारी पडलं, जनावर मेलं, की एखाद्या बाईवर डाकीण म्हणून ठपका ठेवून तिला मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना घडलेल्या आहेत, आणि त्या बायका बहुतेक एकट्या, वयस्कर, किंवा जमिनीच्या तुकड्यावरून कोणाच्या तरी डोळ्यात खुपणाऱ्या असतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आरोप करणं, छळणं हा गुन्हा ठरवलाय, हे मुलांना कायद्याच्या नावासकट सांगा. मी त्यांना वासिलिसाच्या गोष्टीकडेच परत नेते, की बघा, यागाला भेटल्यावर वासिलिसाने काय केलं. तिला दगड मारला का? वाकून आजी म्हणाली. ज्या बाईला सगळं गाव खाणारी म्हणतं तिच्याशी पहिल्यांदा कोणीतरी नीट बोललं. मुलं गप्प होतात आणि मग कोणीतरी आपल्या गावातल्या एखाद्या म्हातारीचं सांगायला लागतं, जिच्या दारावरून जाताना त्यांना पळायला सांगितलेलं असतं. ऐकून घ्या, मधे बोलू नका.

यागा जमली की बाकीच्या म्हाताऱ्या सोप्या जातात. जर्मनीची होल्ले आजी घ्या पुढच्या वेळी, मोठे दात असलेली, मुलगी आधी घाबरते, पण मग तिची गादी नीट झटकते तेव्हा जगात बर्फ पडतो, कामसू मुलीवर सोनं आणि आळशीवर डांबर. जपानची यामाउबा डोंगरातली, वाटसरूंना खाणारी, आणि तिनेच म्हणे किंतारो नावाचा महाबली पोरगा वाढवला. स्कॉटलंडची कायलाख तर हिवाळाच आहे, समुद्रातल्या भोवऱ्यात आपली शाल धुते आणि ती पांढरी झाली की डोंगरावर बर्फ. तिघींनाही हीच पद्धत लागू पडते, आधी घर दाखवा, मग घरातली वस्तू हातात द्या, मग म्हातारीला बोलू द्या. होल्ले आजीसाठी जुनी कापसाची उशी घेऊन जा, आणि झटकायला खिडकीपाशी उभं राहा, आतमध्ये फार कापूस उडतो.